भेरूलालची तेरस

माणिक पागनीस यांनी आयुष्यात एकही मोठी उल्का स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण उज्जैनमधली निम्मी माणसं त्यांना 'तारेवाली बाई' म्हणत आणि त्या रोज गच्चीवर दुर्बीण लावून बसतात अशी समजूत करून घेत. दुर्बीण नव्हतीच. गच्ची होती, पण तिच्यावर वहिनीचे पापड असत. बाई रात्री साडेनवाला झोपत, पहाटे पाचला उठत, आणि मधल्या वेळात आभाळात काय झालं ते दुसऱ्यांना विचारत.

"मी स्वतः पाहिली असती ना, तर दुसऱ्या कुणाचं ऐकूनच घेतलं नसतं," असं त्या म्हणत. ते खरं होतं. ऐकून घेण्याचा स्वभाव त्यांचा नव्हता. तो त्यांनी मेहनतीनं कमावला होता, आणि तोही फक्त या एका कामापुरता.

इंदूरहून गणित घेऊन बी.ए. केलं, मुलींच्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवायला लागल्या. फ्रीगंजात टावर चौकाच्या मागच्या गल्लीत थोरला भाऊ श्रीधर आणि कुसुमवहिनी यांच्याकडे राहत. लग्न झालं नाही. का झालं नाही यावर उज्जैनच्या मराठी बायकांनी पुरेसं बोलून घेतलेलं आहे, इथे भर नको.

हे उल्कांचं प्रकरण सुरू झालं ते चिडीतून. त्रेचाळीस सालच्या थंडीत शाळेतली शिपाईण म्हणाली, रात्री एवढा मोठा गोळा उत्तरेला पडला. दूधवाला म्हणाला, उत्तरेला कुठला, दक्षिणेला! दोघंही महाकालाची शपथ घ्यायला तयार. माणिकबाईंना खोट्यापेक्षा गोंधळाचा राग जास्त. त्यांनी दोघांना दोन वेगवेगळ्या दिवशी त्यांच्या त्यांच्या जागी नेऊन उभं केलं, हात वर करून दाखवायला लावलं, कंपासपेटीतला कोनमापक लावला आणि घरी येऊन कागदावर रेघा मारल्या. गोळा दोघांच्या मधून गेला होता. दोघंही खरं बोलत होते.

त्या दिवसापासून वही सुरू झाली. वही तरी कसली! पागनीसांचे पूर्वज शिंद्यांच्या पागेकडे घोड्यांची दफ्तरं लिहीत. नोकरी गेली, घोडे गेले, पण आखून ठेवलेल्या कोऱ्या चोपड्या माळ्यावर राहिल्या. जाड कागद, आणि आयते रकाने: रंग, उंची, चाल, खूण, खोड, कोठून आला, कोणी पाहिला. माणिकबाईंना एकही रकाना बदलावा लागला नाही. श्रीधर म्हणे, "पणजोबांना कळलं तर खूश होतील. पागा बंद पडली, पण आवक चालू आहे."

त्यांची विचारायची पद्धत ठरलेली होती. "केवढी होती?" असं त्या कधी विचारत नसत, कारण लोक 'नारळाएवढी' म्हणतात आणि त्यातून काही निघत नाही. माणूस ज्या जागी उभा होता तिथेच दिवसाउजेडी त्याला परत उभा करायचा. हात ताठ, मूठ बंद, आणि झाडांच्या रेषेपासून वर किती मुठी ते मोजायचं. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. किती वेळ दिसली हेही विचारायचं नाही. "डोळे मिटा. निघाली म्हणा मनात. विझली की टाळी वाजवा." आणि बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. ज्यांनी 'पाच मिनटं' म्हणून सांगितलेलं असे, त्यांची टाळी चौथ्या सेकंदाला वाजे.

सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टच्या रात्रीच्या सतरा खबरा आल्या. त्यातले पंधरा फटाके निघाले. अठ्ठेचाळीसमध्ये एक हवालदार येऊन चौकशी करून गेला की हे दिवे परक्या विमानांचे तर नाहीत ना. बाईंनी त्यालाच अंगणात उभा करून मुठी मोजायला शिकवल्या. वरती संस्थान जाऊन मध्य भारत राज्य आलं, सरकारी लिफाफ्यांवरची अक्षरं बदलली, पण चोपडी तीच राहिली. चोपन्न सालापर्यंत चारशेच्या वर नोंदी झाल्या. सांगणारे कोण? दूधवाले, घाटावरचे धोबी, बाळंतिणीजवळ जागणाऱ्या बायका, चौकीदार, रेल्वेतले लोक. झोपेचं सुख ज्यांना नाही ती माणसं.

त्या चोपन्नच्या नाताळच्या सुट्टीत बाई भेरूगढला गेल्या. क्षिप्रेच्या काठी तिथे छिप्यांची वस्ती, कापडावर ठसे मारायचं आणि रंगवायचं काम. एक नवी सहकारी मंडळी निघाली होती; तिच्या वाड्याला भेरूलाल नावाचा चौकीदार होता. पन्नाशीचा, उंच, गळ्याला मफलर. तारेवाली बाई आल्या म्हटल्यावर तो स्वतःहून पुढे आला.

"बाईसाब, एक म्हने भी देखी थी."

"कहाँ खड़े थे? वहीं चलो."

तो तिथे जाऊन उभा राहिला. मुठी मोजल्या. आग्नेयेकडून आली, डोक्यावरून थोडी डाव्या अंगाला, आणि नदीपलीकडच्या झाडांमागे गेली. टाळी सहाव्या सेकंदाला.

"रंग?"

"नील के माट से कपड़ो निकालो ने, तो पेलां हरो दिखे. फेर हवा लगे, देखते-देखते नीलो हो जाए. वैसो."

अकरा वर्षांत रंग असा कुणी सांगितला नव्हता. त्यांनी तो शब्दशः उतरवून घेतला.

"कब की बात?"

"कार्तिक वदी तेरस. रात दो-ढाई को टेम."

झालं. चहा घेतला, बाई परत आल्या, आणि संध्याकाळी दिव्याखाली बसून तिथीची इंग्रजी तारीख केली. इथे थोडं समजावून सांगायला हवं. आपला मराठी महिना अमावस्येला संपतो आणि माळव्यातल्या लोकांचा पुनवेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच, पण वद्य पक्ष लागला की त्यांचा महिना आपल्यापुढे एक नाव. त्यांची कार्तिक वदी म्हणजे आपली अश्विन वद्य. उज्जैनमध्ये वाढलेल्या मराठी पोरालाही हे ठाऊक असतं. माणिकबाईंना तर ते श्वासासारखं झालेलं. भेरूलाल माळव्यातला, तेव्हा एक महिना मागे. अश्विन वद्य त्रयोदशी, चोवीस ऑक्टोबर. लिहिलं, शाई टिपली, चोपडी मिटली.

जानेवारीत पुण्याहून पत्र आलं. तिथल्या एका हौशी खगोलमंडळाला चोपडीबद्दल कळलं होतं. फेब्रुवारीअखेर सुवाच्य नक्कल पाठवलीत तर आम्ही पुस्तिका छापू, वर आपलं नाव घालू, असं. माणिकबाई पत्र तीनदा वाचून म्हणाल्या, "कागद बरा वापरतात." त्यावरून श्रीधर समजला की बहीण आनंदात आहे. नक्कल सुरू झाली. कुसुमवहिनींनी रोजच्या भाज्या निवडण्यातून नणंदेला सूट दिली.

त्याच आठवड्यात भेरूगढच्या मंडळीचं पत्र आलं. अध्यक्ष भय्यासाहेब यांच्या सहीचं. हे जुन्या मराठी घराण्यातले, बाईंच्या वडिलांना ओळखणारे. मजकूर थोडका होता. तेवीस नोव्हेंबरच्या रात्री वाड्यातल्या दोरीवर न वाळलेली कापडाची नऊ थानं चोरीस गेली. चौकीदार भेरूलाल म्हणतो की आभाळात मोठा उजेड झाला, काही तरी नदीकाठच्या मालावर पडलं असं वाटून तो तिकडे धावला, परत आला तेव्हा थानं नव्हती. व्यवस्थापकांचं म्हणणं, तो झोपला होता आणि आता गोष्ट रचतो. त्याला कामावरून दूर केलं आहे, निकाल व्हायचा आहे. त्या रात्रीच्या उजेडाची आपल्याकडे नोंद असल्यास कळवावे.

माणिकबाईंनी चोपडी उघडली. तेवीस नोव्हेंबरची नोंद नव्हती. भेरूलालची नोंद होती, चोवीस ऑक्टोबरची. त्यांनी त्याच दिवशी कार्ड टाकलं: सदर रात्रीची कोणतीही नोंद आमच्याकडे नाही, भेरूलाल यांनी सांगितलेली उल्का निश्चित चोवीस ऑक्टोबरची आहे. 'निश्चित'खाली रेघ मारली. त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्यांच्या मते सहानुभूतीसाठी तारीख हलवणं म्हणजे दुसरीच्या मुलीला रडते म्हणून पास करण्यासारखं होतं.

चार दिवसांनी सकाळी भेरूलाल दारात उभा. मफलर हातात.

"बाईसाब, आपने तो म्हारे झूठो कर दियो."

"मैंने? मैंने वही लिखा जो तुमने बोला." बाईंनी चोपडी आणून दाखवली. "कार्तिक वदी तेरस. बोले थे ना?"

"हाँ, बोल्यो थो. वोही तो रात थी."

"तो चौबीस अक्टूबर हुई. और चोरी तेईस नवंबर की. एक महीने का फरक है!"

"अक्टूबर-फक्टूबर म्हारे नी मालूम. कार्तिक वदी तेरस थी, ने उजालो हुयो थो, ने हूँ दौड़्यो थो. दौड़्यो वो म्हारी गलती. पर देख्यो वो झूठ नी."

"और दिसंबर में आई थी तब चोरी की बात क्यों नहीं बताई?"

तो म्हणाला, "बताता तो आप सोचते, नौकरी बचाने वास्ते बोल रियो है. आपकी किताब में म्हारी बात साफ़ जानी चइये थी."

बाई जास्तच कडक आवाजात म्हणाल्या, "किताब में जो है सो है." भेरूलालनं हात जोडले आणि तो पायऱ्या उतरून गेला.

कुसुमवहिनी आतून पोळीचं पीठ लागलेल्या हातानं आल्या. "गेला? बिचारा. पण वन्सं, माणूस जरा विचित्रच म्हणायचा."

"का?"

"अहो, त्यांची कार्तिक वदी तेरस म्हणजे आपली धनतेरस ना? त्या रात्री आभाळ फाटलं असतं तर मी 'धनतेरसला फाटलं' म्हणाले असते. इथला कोण माणूस धनतेरसला 'कार्तिक वदी तेरस' म्हणतो? माझी भांडेवाली तर वर्षाचा सगळा हिशोब धनतेरसच्या आधी नि नंतर असा सांगते."

माणिकबाईंनी खुंटीवरची शाल ओढली, चपला पायात घातल्या आणि बाहेर पडल्या. "शाळा?" वहिनी ओरडल्या. "सांग, डोकं दुखतंय!" नोकरीतली पहिली खोटी रजा.

टावर चौकात टांगा मिळाला. देवास गेटपाशी बस अड्ड्याच्या गर्दीत त्यांना मफलर दिसला. भेरूलाल कचोरीवाल्याजवळ उभा होता, खात काही नव्हता, नुसता उभा होता.

"भेरूलाल! वो तेरस किसके हिसाब से बताई थी?"

त्याला प्रश्नच कळेना. "आपके हिसाब से, बाईसाब. और किसके?"

"मेरे हिसाब से क्यों?"

"आप मराठी लोग हो. हूँ बारा साल एक सरदार की ड्योढ़ी पे रह्यो. वहाँ अपनी तिथी बोलो तो कारभारी डाँट लगाए, महीनो बदल के बोलो. तो आदत पड़ गी. आप जैसे कोई पूछे तो आपको बना के ही बोलूँ. म्हारे तो वो मगसर वदी थी."

मगसर, म्हणजे मार्गशीर्ष, वदी तेरस. म्हणजे आपली कार्तिक वद्य त्रयोदशी. म्हणजे तेवीस नोव्हेंबर.

त्यानं बाईंच्या सोयीसाठी महिना बदलला होता, आणि बाईंनी त्याच्या गावाकडे बघून तो परत बदलला होता. दोघांनीही शहाणपणा केला होता. फरक इतकाच की भेरूलालचा शहाणपणा अदबीचा होता आणि बाईंचा न विचारता केलेला. बस अड्ड्यावर कंडक्टर "देवास, देवास, इंदौर!" ओरडत होते, आणि माणिक पागनीस, बी.ए., भर गर्दीत एका चौकीदारासमोर म्हणाल्या, "गलती मेरी है. पूरी मेरी."

"तो अब?" भेरूलाल म्हणाला. त्याला चुकीत रस नव्हता. त्याला नोकरीत रस होता, आणि त्याहून जास्त त्या 'झूठो' शब्दात.

घरी आल्यावर बाईंनी चोपडी उघडली, भेरूलालच्या नोंदीसमोरच्या 'खोड' या रकान्यात 'नोंदणाऱ्याची' असं लिहिलं आणि तारीख खोडून नवी घातली. मग जे आधीच करायला हवं होतं ते केलं. तिथीनं सांगितलेल्या, वद्य पक्षातल्या सगळ्या नोंदी मोजल्या. त्रेसष्ट. त्रेसष्ट वेळा त्यांनी माणसाचं तोंड पाहून महिना ठरवला होता.

श्रीधर रात्री जेवताना म्हणाला, "माणिक, एक नोंद चुकली, दुरुस्त झाली. बाकीच्या पुण्याला पाठवून मोकळी हो. कोण बघणार आहे?"

"मी बघणार आहे."

"आणि भय्यासाहेबांना काय सांगणार? 'निश्चित' म्हणून रेघ मारलीस, आता म्हणणार महिना बदला. तो व्यवस्थापक हसेल तुला."

"हसेल. त्याचं काय बिघडलं? मुद्दा तो नाही. मुद्दा असा की आता माझ्या शब्दाला किंमत नाही, आणि त्या माणसाकडे दुसऱ्या कुणाचा शब्द नाही."

हे त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. नुसती कबुली देऊन भागणार नव्हतं. एखादी बाई कार्डावर एक लिहिते आणि दोनतीन आठवड्यांनी येऊन दुसरंच सांगते, तर शहाणा माणूस तिचं कोणतंच खरं धरणार नाही. मंडळीची बैठक पंधरा दिवसांवर होती. बाईंनी भेरूलालच्या मुठींवरून नकाशावर रेघ मारली. रेघ वायव्येला, नागद्याच्या रेल्वेलाइनीच्या अंगानं जात होती. त्या बाजूला त्यांच्या ओळखीतले जेवढे जागे राहणारे लोक होते, त्या सगळ्यांना त्यांनी उत्तराच्या कोऱ्या कार्डासकट जोडकार्डं टाकली. भेरूलालचं नाव नाही, चोरीचं नाव नाही, रंगाचं तर नावच नाही. फक्त एवढंच: तेवीस नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर आभाळात काही दिसलं का, दिसलं असल्यास आपल्या मनानं काही न भरता लिहावं.

पाच उत्तरं आली. दोन 'नाही'. एकानं आपल्या मुलीसाठी स्थळ विचारलं. एकाला काही तरी दिसलं होतं, पण दिवस आठवत नव्हता. पाचवं कार्ड यज्ञेश्वर जोशी यांचं, नागदा लाइनीवरच्या एका लहान स्टेशनात सहायक स्टेशनमास्तर. त्यांनी लिहिलं होतं, "आपण विचारलंत म्हणून सांगतो. त्या रात्री मालगाडी उभी होती. दोन वाजून वीस मिनिटांनी इतका उजेड झाला की फलाटावर माझी सावली पडली. रंग आधी पक्का हिरवा, जाताना निळा. डोक्यावरून वायव्येला. ड्यूटीच्या डायरीत वेळ टिपली आहे, तिची नक्कल सोबत. कळवलं नव्हतं, कारण वरून विचारलं असतं, गाडी सोडून आभाळाकडे कशाला बघत होता."

बैठक रविवारी दुपारी मंडळीच्या वाड्यात झाली. सतरंजी, भय्यासाहेबांसाठी खुर्ची, कोपऱ्यात रंगाच्या माठांचा उग्र वास. भेरूलाल दाराशी उभा होता. माणिकबाईंनी चोपडी आणली होती. ती उघडल्याबरोबर व्यवस्थापकानं रकाने वाचले आणि तो हसला. "बाईजी, ये तो घोड़ों की बही है!"

"हो. आणि घोड्यांबद्दल कुणी खोटं लिहिलं तर त्याला चाबूक पडत असे. बसा."

भय्यासाहेबांनी कार्ड पुढे केलं. "माणिकताई, हे अक्षर तुमचंच ना? 'निश्चित' म्हटलंय तुम्ही. खाली रेघ आहे."

"माझंच. आणि चूकही माझीच. त्यानं तिथी आपल्या हिशोबानं सांगितली, मी ती त्याच्या हिशोबाची समजले. न विचारता."

"इतकी वर्षं उज्जैनमध्ये राहून?"

"इतकी वर्षं राहिले म्हणूनच. पुण्याहून कालपरवा आलेलीनं विचारलं असतं."

भय्यासाहेब हसले नाहीत. त्यांच्या घरातही दोन पंचांगं होती, एक देवघरात आणि एक नोकरांसाठी. कुठलं कुणाला वाचायचं याचे घोळ त्यांनी लहानपणापासून पाहिले होते. पण ते एवढंच म्हणाले, "आज तुम्ही नोव्हेंबर म्हणता. उद्या आणखी काही म्हणाल. मी काय धरू?"

"माझं काहीच धरू नका. हे धरा." त्यांनी जोशींचं कार्ड आणि डायरीची नक्कल पुढे ठेवली. "यांना भेरूलाल माहीत नाही. मी रंग विचारला नव्हता. आता माझ्या वहीतला रंग वाचा, डिसेंबरात लिहिलेला, तुमचं पत्र यायच्या आधी."

भय्यासाहेबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. नीळ, माठ, आधी हिरवं, हवा लागली की निळं. दाराशी उभे असलेले दोन छिपे एकमेकांकडे बघून मान हलवायला लागले. हा रंग त्या खोलीत कुणाला समजावून सांगावा लागणार नव्हता.

व्यवस्थापक काही वेडा नव्हता. तो म्हणाला, "मान लिया, उजाला हुआ. उससे कपड़ा तो वापस नहीं आता."

"नाही येत," बाई म्हणाल्या. "तो जागा सोडून गेला, चोरी झाली. त्याबद्दल काय करायचं ते तुम्ही करा, माझा संबंध नाही. पण तुमच्या कागदावर लिहिलंय, 'झोपला होता व खोटं सांगतो'. तो झोपला नव्हता. खोटं सांगत नव्हता. ते वाक्य खोडा. त्यात माझा संबंध आहे, कारण ते वाक्य माझ्या कार्डावर उभं आहे."

कुणी तरी चहा आणला. भय्यासाहेबांनी बशीत ओतून सगळा संपवला आणि मग दाराकडे बघितलं. "भेरू, फिर ऐसी चीज़ दिखी तो क्या करेगा?"

"देखूँगो, मालक. नी देखूँ ऐसो तो नी हो सके. पण थान के पास खड़ो रह के देखूँगो."

छिपे हसले. भय्यासाहेबही आता हसले. वाक्य खोडलं गेलं, त्यावर सही झाली. जागा सोडल्याची ताकीद कागदावर राहिली, आणि भेरूलाल त्याच रात्रीपासून कामावर.

बाहेर आल्यावर भेरूलालनं आभार मानले नाहीत. बाईंना ते आवडलं. आभार मानायला त्यांनी काही दिलं नव्हतं, घेतलेलं परत केलं होतं. तो म्हणाला, "एक और दिखी थी, बाईसाब. पूस में. छोटी थी. पर जब तक म्हारी बात को फैसलो नी हुयो, किसी से नी बोल्यो."

बाईंनी तिथेच नदीकाठच्या दगडावर चोपडी उघडली. आधी विचारलं, ही पौषातली तिथी कुणाच्या हिशोबानं, आणि ते लिहून घेतल्यावर मग बाकीचं विचारलं.

पुण्याला त्यांनी खरं ते कळवलं: त्रेसष्ट नोंदी संशयास्पद आहेत, तपासायला वेळ लागेल. उत्तर सभ्य होतं. त्या त्रेसष्टच काय, तिथीच्या सगळ्याच वगळून, इंग्रजी तारखा असलेल्या तेवढ्याच छापू, असं. माणिकबाईंनी यादी काढून पाहिली. इंग्रजी तारखा देणारे कोण, तर मास्तर, कारकून, डॉक्टर, स्टेशनातले बाबू. तिथी सांगणारे धोबी, सुइणी, चौकीदार. दुसरे वगळले की आभाळ राहिलं असतं, पण ते रात्रभर जागून बघणारी माणसं गेली असती. त्यांनी दोन ओळींत नकार कळवला. पुस्तिका छापली गेली नाही. श्रीधर आठ दिवस बोलला नाही. मग बोलायला लागला, कारण गप्प बसणं त्याच्याच्यानं होत नसे.

त्रेसष्ट घरं फिरायला तीन वर्षं लागली. शनिवारी दुपारी आणि रविवारी. कुणी गाव बदललं होतं, कुणाला आठवेना, एकीनं आठवायच्या आधी बाईंना जेवायला बसवलं. छप्पन्नच्या नोव्हेंबरात मध्य भारत संपून नवा मध्य प्रदेश झाला. श्रीधरचं सरकारी ऑफिस भोपाळला निघालं, सामान बांधलं गेलं, आणि बाई उज्जैनलाच राहिल्या. बावन्न नोंदींचा निकाल लागला. त्यांपैकी एकोणीसमध्ये महिना चुकला होता. अकरा माणसं मेली होती किंवा सापडलीच नाहीत.

भोपाळहून सुट्टीला आलेल्या श्रीधरनं चोपडी चाळली. त्या अकरांसमोर जुनी तारीख खोडलेली होती आणि नवीची जागा कोरी होती.

"अगं, अंदाजानं भर की. बावन्न तपासल्यास, आता तुला कळायला लागलं असेल कोण कसं बोलतो ते."

"कळायला लागलंय ना," माणिकबाई म्हणाल्या, "म्हणूनच भरत नाही. एकदा भरली होती. भेरूलालची नोकरी जात होती."

त्यांनी चोपडी त्याच्या हातून घेतली आणि कापडात गुंडाळून ठेवून दिली.